ठोकळ्यांची सोळा-तेरा

"आबाजी, तुमच्या गाडीचं चाक केवढं होतं जी?"

मागच्या उन्हाळ्यात नातवाने मला हा प्रश्न विचारला. मी अंगणात खाटेवर पडलो होतो. पडल्या पडल्याच हात वर करून दाखवला, "एवढं होतं." तो म्हणाला, "असं नाही. मिलिमीटरमध्ये सांगा."

आता काय सांगावे? १९८१ पासून २०१५ पर्यंत, चौतीस वर्षे मी ट्रक चालवला. भिलाईचे लोखंड नागपूर-मुंबईकडे नेले, गोंदियाचा तांदूळ नेला, परत येताना मिळेल तो माल आणला. आमचे देवरी या रस्त्यावरचेच गाव. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा नंबर ५३ झाला आहे. मासुलकसा घाटात रात्री-बेरात्री जॅक लावून मी किती चाके उतरवली आणि चढवली, त्याची मोजदाद नाही. पण चाकाला टेप लावण्याची पाळी कधी आली नव्हती. ज्या चाकांवर माझे घर चालले, त्या चाकांचे माप मला ठाऊक नव्हते.

नातवाला ते हवे होते, कारण त्याला माझी गाडी बनवायची होती. लाकडाची नाही, मातीची नाही. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची.

हे ठोकळे आमच्या घरी विकत आलेले नाहीत. आमच्या ऐपतीच्या घरात ते विकत येतही नाहीत. सुनेचा भाऊ पुण्याला कारखान्यात नोकरीला आहे. त्याची मुले मोठी झाली, तेव्हा त्यांचे जुने ठोकळे त्याने एका सिमेंटच्या पिशवीत भरून पाठवले. वजन केले तर चार किलोच्या आसपास भरले. त्यात काही लेगो नावाच्या परदेशी कंपनीचे, काही आपल्याकडचे देशी. लाल, निळे, पिवळे, सगळे एकत्र. खोके नाही, चित्र नाही, कसे जोडावे याचा कागद नाही. पहिले दोन दिवस नातवाने घरे बांधली. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ आला आणि चाकाचे माप विचारू लागला.

या ठोकळ्यांची हकीकत मुलाने मला मोबाईलवर वाचून सांगितली, ती वाचकांनाही सांगतो. डेन्मार्क देशात बिलुंड नावाच्या गावी ओले कर्क क्रिस्तियान्सन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत सुतारकामाला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. एकदा त्याच्या पोराने लाकडी बदकांना वॉर्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवले म्हणून बापाला आनंदाने सांगितले, अशी गोष्ट सांगतात. बापाने त्याला बदके परत आणायला लावली आणि तिसरा हात देऊनच पुन्हा पाठवायला लावली. पुढे त्याच पोराने प्लॅस्टिकचे ठोकळे काढले. आज जो ठोकळा दिसतो, वर घुंड्या आणि आत पोकळ नळ्या असलेला, त्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. घुंडी नळीला घट्ट धरते, पण लहान मुलाच्या हातानेही सुटते. साचा इतका नेमका की माणसाच्या केसाच्या जाडीइतकीही चूक चालत नाही. म्हणून त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ घुंड्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ तऱ्हांनी जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० तऱ्हा होतात आणि सहा घेतले तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५.

हे ऐकून माझी बायको म्हणाली, "मंग याले एक गाडी कायले नाही जमत?"

तर आम्ही आजा-नातू टेप घेऊन हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे टाटाची सोळा-तेरा उभी होती. पुढे नाक असलेली जुनी गाडी, मी शेवटची सतरा वर्षे चालवली तीच जात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या नंबरातले सोळा म्हणजे मालासकट वजन सोळा टनांच्या घरात आणि तेरा म्हणजे इंजिनाची ताकद १३० अश्वशक्ती. टाटाने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये तो करार संपला आणि गाडीच्या नाकावर जर्मन ताऱ्याच्या जागी टाटाचा टी आला. कंपनीतून गाडी निघायची ती नुसती चासी आणि पुढचे नाक. केबिन आणि हौदा बांधायचे काम गावोगावच्या बॉडीवाल्या सुतारांचे आणि वेल्डरांचे. म्हणून या देशात दोन ट्रक अगदी सारखे कधी दिसायचे नाहीत. हुबेहूब करायचे तर चित्र पाहून भागत नाही, गाडीपाशीच जावे लागते.

आम्ही मापे घेतली. नातू वहीत लिहून घेत होता. टायरवर १०.००-२० लिहिलेले. उंची भरली साडेतीन फुटांना थोडी कमी, म्हणजे १,०५० मिलिमीटरच्या जवळ. हौदा १७ फूट लांब. पूर्ण गाडी साडेचोवीस फूट. रुंदी ७ फूट १० इंच.

घरी येऊन त्याने पिशवीतले मोठे चाक मोजले. ४३ मिलिमीटर. १,०५० ला ४३ ने भागले, चोवीस आणि वर थोडे आले. "म्हणजे आपली गाडी खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी करायची," तो म्हणाला.

मी म्हटले, "चाक लहान घे, गाडी लहान कर. ठोकळे पुरतील." त्यावर त्याने मला समजावले. ठोकळ्यांचे काहीही करता येते, लांब-रुंद वाढवता येते, पण चाक जेवढे आहे तेवढेच राहते. म्हणून हुबेहूब गाड्या करणारे लोक आधी चाक निवडतात आणि त्या चाकावरून सगळी गाडी ठरवतात. आमच्या पिशवीत या मापाची चार चाके होती. बाकीची सगळी बारीक आणि प्रत्येकाचा आकार वेगळा.

हे चोविसाचे गणित मला माझ्या पद्धतीने समजले. फुटाचे इंच बारा. चोविसाव्या भागाने एक फूट म्हणजे अर्धा इंच. हौदा सतरा फूट, म्हणजे खेळण्यात साडेआठ इंच. हे मी बसल्या जागी तोंडी सांगितले, तेव्हा नातू माझ्याकडे बघतच राहिला. मी सातवी नापास माणूस. पण भाड्याचा, डिझेलचा, टनाचा हिशेब आयुष्यभर तोंडीच केलेला.

माझ्याजवळ गाडीच्या आर.सी. बुकाची जुनी झेरॉक्स होती. तिच्यावर पुढच्या धुरीपासून मागच्या धुरीपर्यंतचे अंतर लिहिलेले आहे, ४,२२५ मिलिमीटर. नातवाने त्याला चोविसाने भागले. १७६ आले. ठोकळ्याच्या एका घुंडीपासून दुसरी घुंडी बरोबर ८ मिलिमीटरवर असते. १७६ ला ८ ने भागले तर बावीस. बाकी काही नाही. तो जागेवरून उडालाच. "आबाजी, बावीस घुंड्या! बरोबर बावीस!"

हाच पोरगा सहावीच्या गुणोत्तर-प्रमाणात दोनदा नापास झालेला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर गणिताच्या पुढे लाल शाई आहे. मी ते पुस्तक पाहून त्याला बोललोही होतो. आणि आता तो माझ्यासमोर गुणोत्तरे सोडवत बसला होता, कोणी न सांगता.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मला दुसरी एक गाडी आठवली.

साल १९९१. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला. मी १४ एप्रिलसाठी खास सुट्टी काढून घरी आलो होतो. मिरवणूक झाली, भाषणे झाली. वक्ते म्हणाले, पोरांना शिकवा, एक वेळ उपाशी राहा पण शिकवा. मी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आले. तशाच भरल्या मनाने रात्री घरी आलो तर माझा दहा वर्षांचा मुलगा कंदिलाजवळ खाली वाकून बसलेला. मला वाटले अभ्यास करतो आहे. जवळ जाऊन पाहिले तर त्याच्या पुढ्यात ट्रक. जोड्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा हौदा, बांबूच्या कामट्यांची चासी, फाटक्या स्लिपरच्या तळव्याची गोल कापलेली चाके, सायकलच्या स्पोकची धुरी, दंतमंजनाच्या ट्यूबची झाकणे दिव्यांच्या जागी. वही-पुस्तक दप्तरात.

मी विचारले, "अभ्यास केला का?"

तो म्हणाला, "बाबा, पहा ना, तुमच्यासारखी गाडी केली. मी पण मोठा होऊन..."

त्याचे वाक्य मी पूर्ण होऊ दिले नाही. त्या गाडीवर मी पाय दिला. एकदा नाही, दोनदा. म्हटले, "गाडी कायची करते? ड्रायव्हर व्हायचं आहे का? पुस्तक काढ."

मी वाईट माणूस नव्हतो. मला भीती होती. सतराव्या वर्षी मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, जोडचाकांमध्ये अडकलेला दगड काढायचा, नाही तर तो उडून मागच्याची काच फोडतो. मालकाच्या शिव्या खायच्या, हौद्यात ताडपत्रीखाली झोपायचे. माझ्याबरोबरचा एक क्लीनर गाडीखाली काम करताना जॅक सरकून गेला. त्याला मी माझ्या हाताने बाहेर काढले. तो माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान होता. आमच्यात म्हणायचे, ड्रायव्हरचा पोरगा क्लीनर. ते वाक्य मला खोटे करायचे होते. माझ्या घरात स्टेअरिंग पुन्हा शिरू द्यायचे नाही, असा मी निश्चय केला होता.

मुलगा रडला नाही. दप्तर उघडून पुस्तक काढले आणि वाचायला बसला. बायको काही न बोलता झाडू घेऊन आली. ती तुकडे गोळा करीत होती तेव्हा मला दिसले की त्या गाडीच्या केबिनमध्ये झाकणाचे एक छोटे स्टेअरिंग होते आणि त्याला दोरा गुंडाळून त्याची टोके पुढच्या धुरीला बांधली होती. स्टेअरिंग फिरवले की पुढची चाके वळत असणार. दहा वर्षांच्या पोराने, कोणी न शिकवता. मी ते पाहिले आणि गप्प राहिलो.

पुढे मुलगा बी.कॉम. झाला. आज तो गोंदियाला एका कचेरीत कारकून आहे. आठवडाभर तिथे खोली करून राहतो, शनिवारी घरी येतो. ड्रायव्हरचा पोरगा क्लीनर झाला नाही. मी जे ठरवले ते झाले. आमच्या वस्तीत माझे उदाहरण देतात. पण एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. त्या रात्रीनंतर त्याने हाताने काही बनवलेले मी पाहिले नाही. घरातला पंखा बंद पडला तर तो स्क्रू काढत नाही, मिस्त्रीला फोन करतो. मी हे बरीच वर्षे साहेबी समजून मनात हसलो. आता हसू येत नाही.

असो. नातवाची गाडी पुढे चालली होती. पहिली अडचण चासीची आली. बावीस घुंड्यांच्या वर लांब दोन पट्ट्या हव्या होत्या, पण एवढा लांब ठोकळा पिशवीत नव्हता. त्याने ठोकळ्यावर ठोकळा रचून पट्ट्या केल्या आणि चाके लावली. गाडी उचलली की मधूनच वाकायची आणि तुटायची. तीनदा झाले. माझ्या बायकोने जवळजवळ वीस वर्षे बांधकामावर विटा वाहिल्या आहेत. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबू, जोडावर जोड नको आणू. खालच्या दोन विटांच्या मधात वरची वीट ठेव. भिंत अशीच उभी राहते." नातवाने सगळे सुटे करून पुन्हा रचले, प्रत्येक जोड वरच्या ठोकळ्याने झाकला. पट्टी वाकली नाही. ज्या बाईला जन्मभर कोणी मिस्त्री म्हटले नाही, तिने आमची चासी उभी केली.

दुसरी अडचण रुंदीची. ७ फूट १० इंच म्हणजे खेळण्यात साधारण साडेबारा घुंड्या येतात. अर्धी घुंडी कुठून आणायची? तेरा घेतल्या तर मध्य सापडत नाही, दिवे सारखे बसत नाहीत. शेवटी बारा घेतल्या आणि दोन्ही बाजूंना आरसे व फाळक्याच्या कड्या बाहेर काढल्या. बघणाऱ्याला फरक कळत नाही. तिसरी अडचण नाकाची जाळी. घुंड्या सगळ्या वरच्या दिशेने असतात, जाळी तर समोर हवी. तेव्हा नातवाने एक शोध लावला. पातळ पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर असते. अशा पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन घुंड्यांची रुंदी. म्हणून पाच पट्ट्यांचा गठ्ठा आडवा करून दोन घुंड्यांच्या खाचेत नेमका बसतो. जाळी समोर तोंड करून उभी राहिली. हे जगातल्या छंदवाल्यांना आधीपासून माहीत आहे, असे मुलाने नंतर सांगितले. पण आमच्या ओसरीवर ते पहिल्यांदाच सापडले.

रंगाचे मात्र जमले नाही. केबिन लाल-पिवळी, हौदा निळा-हिरवा-पांढरा. मी म्हटले, "खरा ट्रक काय एका रंगाचा असतो?" मागे हॉर्न ओके प्लीज लिहावे असे त्याला वाटत होते. मी सांगितले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली. तो म्हणाला, "तुमची गाडी २०१५ च्या आधीची आहे ना?" त्याने चिठ्ठी चिकटवली.

याच दिवसांत एका रविवारी मी विहारात गेलो होतो. भन्तेजी सद्धर्मपुंडरीक सूत्रातली जळत्या घराची गोष्ट सांगत होते. एका बापाचे घर पेटले. मुले आत खेळात दंग. आग म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नाही, बाप ओरडतो पण ती ऐकत नाहीत. बापाला पोरांची आवड माहीत होती. तो म्हणाला, बाहेर या, दारात खेळण्याच्या गाड्या आणल्या आहेत. बकऱ्यांची गाडी, हरणांची गाडी, बैलांची गाडी. मुले धावत बाहेर आली आणि वाचली. मग बापाने प्रत्येकाला मोठी, सजवलेली बैलगाडी दिली.

भन्तेजींनी त्याचा धम्मातला अर्थ समजावून सांगितला. मी मात्र गोष्टीतल्या बापापाशीच अडकलो. मलाही माझा पोरगा आगीतून बाहेर काढायचा होता. माझी आग खोटी नव्हती. पण त्या बापाने गाडी देऊन पोरांना बाहेर बोलावले आणि मी गाडी मोडून.

बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते फक्त कचेरीतल्या खुर्चीसाठी म्हटले नव्हते, हे मला या वयात वाचून कळले. १९४२ मध्ये व्हॉइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञानाच्या आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. त्यांना आपली मुले यंत्रशाळेतही हवी होती. मी त्यांचा अर्धाच शब्द ऐकला.

गाडी तयार झाली त्या शनिवारी मुलगा गोंदियाहून आला. पोराने बापाला हात धरून ओसरीवर नेले. मुलाने गाडी हातात घेतली, खालून पाहिली, वरून पाहिली. सव्वा फुटाच्या आत बसणारी, एकूण एकोणचाळीस घुंड्यांची गाडी. मग त्याने बोटाने केबिनमधले स्टेअरिंग हळूच फिरवले आणि म्हणाला, "पुढची चाकं वळत नाहीत."

नातू म्हणाला, "ते कसं करायचं मले माहीत नाही."

मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुढची धुरी मधल्या एका घुंडीवर ठेव, म्हणजे ती फिरेल. स्टेअरिंगच्या दांडीला दोरा गुंडाळ. एक टोक डाव्या बाजूला बांध, एक उजव्या. दोरा ताठ पाहिजे. ढिला असला की गाडी ऐकत नाही." बोलताना त्याची बोटे हवेत गाठ मारत होती.

मी तिथेच बसलो होतो. मला वाटले, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही. म्हटले, "तुझ्या गाडीलाही असंच स्टेअरिंग होतं."

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्हाले आठवते?"

"त्याच रात्री पाहिलं होतं. मोडल्यावर. मी चुकलो बापू. भीतीनं चुकलो, पण चुकलो."

तो लगेच काही बोलला नाही. नातू एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. शेवटी मुलगा म्हणाला, "मले वाटे, तुम्ही विसरले असाल. म्हणून मी कधी काढलं नाही." एवढेच. चौतीस वर्षांचे बोलणे एवढ्यात झाले. त्याने मला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही. माफी मागणाऱ्याने ते विचारू नये. आत गेला आणि बायकोच्या गोधडीच्या डब्यातून जाड दोरा घेऊन आला.

नंतर त्याने मागची चाके पाहिली. सोळा-तेराला मागे जोडचाके असतात, एका बाजूला दोन. आमच्याकडे त्या मापाची चारच चाके होती, म्हणून आतली जागा नातवाने रिकामी ठेवली होती. तो म्हणाला होता, आतले दिसत नाही, चालून जाईल. मी म्हटले होते, दिसत नसले तरी अर्धा माल त्याच चाकावर असतो. मुलाने दाराजवळची माझी तुटकी स्लिपर उचलली. कंपासने वर्तुळ काढले, ४३ मिलिमीटरचे, आणि ब्लेडने सावकाश दोन चाके कापली. नियमाने चालणाऱ्या छंदवाल्यांना रबरी स्लिपरचे चाक चालणार नाही. आम्हाला चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात चालली. दोऱ्याने वळली. वस्तीतली सात-आठ पोरे जमली. आता प्रत्येकाला आपापल्या बापाची गाडी करायची आहे. कोणाचा बाप ऑटो चालवतो, कोणाचा ट्रॅक्टर. एकाची आई रस्त्याच्या कामावर रोजीने जाते, तिला रोड रोलर हवा आहे. एवढे ठोकळे कुठून येणार? म्हणून मी त्यांना पुठ्ठा, कामट्या आणि जुन्या चपला जमा करायला सांगितले आहे. टेप माझ्याजवळ आहे. चोविसाचे गणित ठोकळ्याला कळते तसे पुठ्ठ्यालाही कळते. एक फुटाचा अर्धा इंच.

आपल्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरे चाकांचा लाकडी बैल ओढत निघतात. घरचा बैल पोराच्या हाताएवढा करून द्यावा, ही रीत जुनी आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभर खपून आगगाड्यांचे छोटे जग उभे केले, ते १९९८ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले आहे. सुनेच्या भावाने नातवाला ते दाखवायचे कबूल केले आहे. कोणी म्हणेल हे रिकामपणाचे उद्योग आहेत. मीही तेच म्हणत होतो.

बंधू-भगिनींनो, आपण कष्टाची माणसे. पोर जमिनीवर बसून काही जोडत असले की आपल्याला आपलाच जुना धंदा दिसतो आणि आपला पाय उठतो. पुस्तक हवेच, अभ्यास हवाच, त्यात मी कवडीची सूट मागत नाही. नातवाला रोज संध्याकाळी अभ्यासाला बसवतो. फक्त एवढेच सांगतो की, पोर काय करते आहे ते आधी खाली बसून पाहा. त्याला माप विचारा. कदाचित ते दप्तरातलेच गणित हाताने सोडवत असेल.

या वर्षी गणितात त्याला किती गुण पडतात ते अजून कळायचे आहे. मुलाने मात्र मागच्या शनिवारी ओसरीवरचा पंखा स्वतः उघडला. दोन तास लागले, एक स्क्रू जास्तीचा उरला, पण पंखा चालतो आहे.